भिंतीवरचं दार

२९ डिसेंबर २०२४, रविवार. सकाळी ९.

लिहायला घेण्याचं कारण एकच. काल साईराजला पुण्यात फ्लॅट नाकारला.

मुलगा इंजिनिअर. बाप रिटायर्ड सुभेदार, आई रिटायर्ड मुख्याध्यापिका. तरी त्या सोसायटीचा सेक्रेटरी म्हणाला, तुमच्यात मटण खातात, आम्ही देत नाही. तोंडावर! साईराज फोनवर हसून सांगत होता. मला हसू आलं नाही. सकाळी बीपी १६० भरलं.

सुभेदार म्हणाले, हेडमास्तरीणबाई, भांडी आपटू नका, लिहून काढा. गेल्या वर्षीची कोरी डायरी त्यांनीच काढून दिली. वार खोडून वापरते आहे.

संकल्प. या अन्यायाविरुद्ध ठोस काहीतरी करायचं. २६ जानेवारीच्या आत करायचं. रोज लिहायचं आणि खरं लिहायचं.

दुपारी मटण. रविवार आहे.


३० डिसेंबर, सोमवार.

सुचलं. कॉलनीची रस्त्याकडची भिंत. साठ फूट लांब, सध्या तिच्यावर बोअरवेलच्या जाहिराती, आणि पुरुषमंडळी तिचा जो उपयोग करतात तो लिहवत नाही. तिथे भित्तिचित्र. विषय: घर नाकारू नका. जात, धर्म, आहार, गाव, कशावरूनही नाही. सांगलीत असं कुणी केलेलं नाही. मी करणार.

ग्रुपवर टाकलं. एकवीस अंगठे. तेरा नंबरच्या बनुबाईंनी विचारलं, खर्च कोण करणार. या बाईंना प्रत्येक चांगल्या कामात हाच प्रश्न पडतो.

दुपारी दोघी बायका वरच्या खोल्या विचारायला आल्या. सासू-सून. नियमाप्रमाणे फॉर्म दिला. फॉर्म मी स्वतः तयार केला आहे. आडनाव, मूळ गाव, पाव्हणे कुठले, आहार, कुटुंबात पुरुष किती. जातीचा रकाना मुद्दामच ठेवलेला नाही. मी जात विचारत नाही.

सून राणी कोळेकर, बारावी पास, अक्षर चांगलं. सासू तानुबाई. जतच्या पुढे कुठलंसं गाव. नवरा धुळा मेंढरांमागे असतो. सासूच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. सोमवार, बुधवार, शुक्रवार इथल्या दवाखान्यात डायलिसिस. आपल्या घरापासून चालत दहा मिनिटं. आतापर्यंत दुपारची पाळी होती, ती १ फेब्रुवारीपासून बंद होते आहे. जागा उरली आहे ती सकाळी सहाची. जतकडची पहिली एसटी इथे दहाला पोचते. म्हणून ३१ जानेवारीच्या आत खोली पाहिजे, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार. राणीने हे सगळं न रडता, नीट सांगितलं. चांगली मुलगी.

विचार करून कळवते म्हटलं.


३१ डिसेंबर, मंगळवार.

विचार केला. कळवलं. जमणार नाही.

कारणं लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणी भलता अर्थ काढायला नको. एक, दोघी बायकाच. आपल्याकडे फॅमिलीलाच देतात. दोन, नवरा अधूनमधून येणार, तो एकटा येईल कशावरून, चार मेंढरं घेऊन आला तर बांधायची कुठे? तीन, मटणाचा वास खाली येतो. चार, माझा भाचा अमृत कोयनानगरला नोकरीला आहे, त्याची बदली इकडे होऊ शकते.

सुभेदार म्हणाले, वास वर जातो. आणि अमृतला तिकडं क्वार्टर आहे, तो कशाला येतोय.

मी म्हटलं, बदली कधीही होते.

यात धनगर असण्याचा काही संबंध नाही. उलट मला त्या समाजाबद्दल आदर आहे. शाळेत मी मेंढपाळांच्या मुलांसाठी वेगळा बाक ठेवला होता.


२ जानेवारी २०२५, गुरुवार.

चित्रकार मिळाली. प्रांजल. मिरजेची, आर्ट टीचर डिप्लोमा, आई माझ्याच शाळेत शिवण शिकवायची. केस मुलासारखे कापलेले, पण हात चांगला. रंगाचे डबे, शिडी आणि दोन वेळचा चहा माझ्याकडून. बाकी ती म्हणाली, मॅडम, विषयासाठी करते.

मी सुचवलेलं चित्र: भारतमाता, तिच्या पदराखाली सर्व धर्मांची घरं. प्रांजल म्हणाली, नको. एक दार काढू. फक्त दार. उघडं. उंबऱ्यावर कोणीतरी बसलेलं.

कोण, विचारलं.

बघू, भिंतीपाशी रोज कोण बसतं ते बघते.


३ जानेवारी, शुक्रवार.

भिंतीपाशी तानुबाई बसते.

डायलिसिसला उशीर असला की सावलीला भिंतीच्या पायथ्याशी बसतात दोघी. मला माहीत नव्हतं. प्रांजलने कागदावर तिचं तोंड काढलं आणि मला आणून दाखवलं. खरं सांगते, अंगावर काटा आला. कपाळावर मोठं कुंकू नाही, नुसतं गोंदण. डोळे बारीक, उन्हात बघून बघून झाले असतील तसे. ग्रामीण महाराष्ट्र उभा राहिला.

लगेच होकार दिला. तीन दिवसांपूर्वीच्या प्रकाराचं मनात काहीही नाही हे दाखवायला स्वतः भिंतीपाशी गेले. तानुबाईला म्हटलं, तुमचा चेहरा आता मोठ्या रस्त्यावर लागणार.

ती म्हणाली, आवं बाईसाब, चेहरा लावा की. पर त्याला खोली लागत न्हाई न्हवं?

आणि हसली. विनोदी स्वभाव आहे.


६ जानेवारी, सोमवार.

भिंत घासून पांढरी केली. बोअरवेलवाला भांडायला आला. त्याला संविधानाचं कलम सांगितलं. नंबर चुकला असावा, पण गेला.

तानुबाई शिडीशेजारी खुर्चीवर बसते. प्रांजल काढते. राणी जवळ उभी राहून पाण्याची छोटी बाटली धरते. बाटलीवर पेनाने रेघा मारल्या आहेत. दिवसभरात एवढंच प्यायचं म्हणे. मनात आलं, भाडेकरू म्हणून पाण्याच्या बाबतीत आदर्श आहे.

पण विषय संपलेला आहे.


८ जानेवारी, बुधवार.

प्रांजलचं नवीन खूळ. दाराच्या चौकटीभोवती बारीक अक्षरांत वाक्यं लिहायची. घरमालक काय काय बोलतात ती. खरी. राणी आणि तानुबाईने अकरा घरं विचारली आहेत, त्यांच्याकडूनच घेतली.

मला हे नकारात्मक वाटतं. पण मी कलाकाराच्या स्वातंत्र्याच्या आड येत नाही.

संध्याकाळी वाचली. आमचं काही नाही हो, शेजारी ऐकत नाहीत. तुमच्यात पाहुणे फार येतात. दोघी बायकाच का? मेंढरं कुठे बांधणार? भाचा यायचा आहे. वास खाली येतो.

काय माणसं असतात! ही शेवटची तीन-चार कुणाची ते मी लगेच ओळखलं. बनुबाई. त्यांच्याकडे वर एक खोली आहे, आणि भाचे त्यांना सहा. प्रांजलला म्हटलं, ही वाक्यं जरा मोठ्या अक्षरात लिही, त्यांना येताजाता दिसली पाहिजेत.

प्रांजल माझ्याकडे बघत राहिली. मग मोठी लिहिली.

सुभेदार चष्मा लावून भिंतीपुढे बराच वेळ उभे होते. आत येऊन म्हणाले, तुमचा आवाज येतोय त्या भिंतीतून.

मी म्हटलं, साहजिक आहे. प्रकल्प माझा आहे.


१० जानेवारी, शुक्रवार.

राणी पुन्हा आली. एकटी. चपला दाराबाहेर काढून उंबऱ्याच्या अलीकडेच उभी राहिली. म्हणाली, बाई, अजून कुठं मिळेना. वीस दिवस राहिलेत. आमी मटण न्हाई शिजवणार. मालक येणार न्हाईत. एकच खोली द्या, दुसरीला कुलूप घाला. सकाळी सहाला मामींना नेलं की झालं.

मी सांगितलं, तुझ्यासाठी नक्की प्रयत्न करते. कॉलनीच्या ग्रुपवर टाकते.

टाकलं. गरजू पेशंटसाठी खोली हवी, संवेदनशील नागरिकांनी पुढे यावं. चौदा जोडलेले हात आले. खोली नाही. लोकांची मनं कधी बदलणार? म्हणूनच भित्तिचित्राची गरज आहे.


१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.

वर जाऊन खोल्या उघडल्या. धूळ. दोन वर्षं कुणी नाही. खिडकीतून दवाखान्याची पाटी दिसते. हे आधी लक्षात आलं नव्हतं.

झाडून घेतल्या. अमृत आला तर तयार असाव्यात. अमृतला फोन केला, तिळगूळ घ्या वगैरे. बदलीचं विचारलं. म्हणाला, कसली बदली आत्या?

बदली अचानक होते.


१७ जानेवारी, शुक्रवार.

आमच्याकडे हळदीकुंकू. यंदा वाण म्हणून स्टीलच्या चाळण्या. पंचवीस आणल्या, पंचवीस बायका. राणीला बोलवावं असं मनात होतं. सवाष्ण आहे, भिंतीपाशीच होती. पण वाण मोजून आणलं होतं. ऐनवेळी एखादीला कमी पडलं तर चांगलं दिसत नाही. तिळगूळ मात्र प्रांजलच्या हाती भिंतीपाशी पोचवला, दोघींना पुरेल एवढा.

दोन चाळण्या उरल्या. बनुबाई आणि त्यांची सून आल्या नाहीत. भिंतीवरची वाक्यं झोंबलेली दिसतात.

प्रांजल परत येऊन म्हणाली, तानुबाईंनी तिळगूळ नुसता हातात धरला. तीळ, गूळ, दोन्ही बंद आहे त्यांना. पण परत नको पाठवू म्हणाल्या, बाईसाबांना वाईट वाटेल.

अशी रीतभात शिकवून येत नाही.


२० जानेवारी, सोमवार.

चेहरा पूर्ण झाला. आठ फूट. रस्त्यावरच्या रिक्षा हळू होतात. पेपरचा बातमीदार फोटो काढून गेला. मी चित्राजवळ उभी होते.

तानुबाईने आपलं तोंड खालून वर बघितलं. म्हणाली, लय ब्येस काडलंया पोरी. कवा अशी हुते मी? आणि मग, ह्या तानूला दार मिळालं. उंबरा मिळाला. आता हिलाच इचारते, मला घेती का वाईच आत.

प्रांजल ब्रश धुवायला निघून गेली. मुली फार हळव्या असतात हल्ली.

मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी म्हटलं, तानुबाई, सव्वीसला उद्‌घाटनाला याच. तुम्ही पुढे बसायचं. कार्यक्रम नीट होऊ दे, मग वरचं बघू.

ती उठून उभी राहिली. खुर्चीचा हात धरून. म्हणाली, येती. येती म्हंजी येती.

हे वचन नाही. बघू म्हणजे बघू. मला विचार करायला वेळ हवा, एवढंच.


२३ जानेवारी, गुरुवार.

उद्‌घाटक ठरले. माजी नगरसेवक वीरधवलराव. सकाळी दहाची वेळ दिली आहे. पोलिसांना पत्र, मंडप, लाऊडस्पीकर, माझं भाषण (सात मिनिटं). पाहुण्यांसाठी बारा शहाळी. कोल्ड्रिंक नको, माझ्या कार्यक्रमात मी आरोग्याचा विचार करते.

सुभेदार म्हणाले, वरच्या खोल्यांचं त्या दिवशी स्टेजवरूनच जाहीर करा. सगळा विषयच तो आहे.

मी म्हटलं, असं लोकांसमोर एखाद्या गरिबाचं दारिद्र्य मांडायचं नसतं.

ते म्हणाले, चेहरा आठ फूट मांडलाय.

आर्मीतल्या माणसांना बारकावे कळत नाहीत.


२६ जानेवारी, रविवार. संध्याकाळी ७.

उद्‌घाटन झालं. एकूण यशस्वी. क्रमाने लिहिते.

तानुबाई आणि राणी साडेनऊलाच हजर. रविवारी पहिल्या एसटीला जागा मिळत नाही, तर शेजारच्या गावापर्यंत धुळाच्या मोटरसायकलवर आणि पुढे द्राक्षांच्या टेम्पोतून आल्या. तानुबाई नवं हिरवं लुगडं नेसून. हातात भरगच्च पिशवी. चेहरा जरा सुजलेला वाटला. राणी म्हणाली, शुक्रवारनंतर थेट उद्या सोमवारी आहे डायलिसिस, रविवारी त्यांना जडच जातं. पण ऐकल्या न्हाईत.

पुढच्या रांगेत, अगदी मधोमध खुर्ची दिली. दिलेला शब्द मी पाळते. पिशवी जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवलेली दिसली. कार्यक्रमाच्या दिवशीही लोक सामान कुठेही ठेवतात.

दहा वाजले. अकरा. वीरधवलराव झेंडावंदनांतून सुटेनात. ऊन चढलं. मंडप पुढच्या रांगेवर पुरत नव्हता. राणीचे हात रिकामे होते म्हणून तिला फाटकापाशी पेढे वाटायला उभं केलं. कामात असलं की माणसाला परकं वाटत नाही.

तानुबाई विचारत होती, बाईसाब, तवर वर जाऊन बघू का? जिना चढाय येतोय मला.

मी म्हटलं, आत्ता गर्दीत नको. पाहुणे जाऊ देत.

बरं, म्हणाली.

बाराच्या सुमाराला तिच्या ओठांवर पापुद्रे दिसले. मला बघवेना. एक शहाळं फोडून स्वतः नेलं. ती म्हणाली, नगं बाई, मला मोजून पिऊ द्या. मी म्हटलं, हे काय पाणी आहे? शहाळं आहे. याच्यासारखं औषध नाही. आणि माझ्या हातचं नाही म्हणायचं नाही.

तिने माझ्याकडे बघितलं, मग वर आमच्या बंद खिडकीकडे बघितलं, आणि प्यायली. सगळं. स्ट्रॉ काढून टाकून तोंड लावून.

बरं वाटलं मला. अर्ध्या तासाने दुसरं दिलं. तेही प्यायली. नाही म्हणाली नाही.

एक वाजता वीरधवलराव आले. बोअरवेलच्या विषयावर बोलले. मग आमच्या समितीने आणलेला झेंडूचा मोठा हार त्यांच्या हातात दिला. तो त्यांना घालायचा होता. त्यांना वाटलं, चित्राला. ते शिडीवर चढले आणि तानुबाईच्या रंगवलेल्या गळ्यात हार अडकवला.

मागे बायकांत कुजबुज. जित्या माणसाच्या फोटोला कुणी हार घालतं का? बनुबाईंनी मोठ्याने अगंबाई केलं. तानुबाईच हसली. म्हणाली, आवं आत्ताच? दमा की जरा, मला खोली तर बघू दे.

सगळे हसले. ताण गेला. ग्रामीण माणसं प्रसंग कसा सावरतात ते शिकण्यासारखं आहे.

माझं भाषण सात मिनिटांचं अकरा मिनिटांवर गेलं. टाळ्या.

तीनला मंडप उतरवायला लागले. तानुबाई खुर्चीतच. राणीने येऊन तिचा हात धरला, मनगट दाबून बघितलं, विचारलं, मामी, काय प्यालात? ती म्हणाली, काय न्हाई. मग मला म्हणाली, बाईसाब, पाय गळाल्यागत झाल्यात. वर जाऊन वाईच पडू का? उद्या सकाळी हितनंच जाईन दवाखान्यात.

आणि इथे मी खरं लिहायचं ठरवलं आहे म्हणून लिहिते. मी म्हटलं, आज नको. आज घरात पसारा आहे. साईराजशी एकदा बोलते. बुधवारी नक्की सांगते.

एसटी साडेचारची. रिक्षा मी करून दिली. रिक्षात बसताना तिने पाय उचलायला दोघांची मदत घेतली.

सुभेदार कार्यक्रमानंतर माझ्याशी बोललेले नाहीत. दमले असतील.


२७ जानेवारी, सोमवार. सकाळी ११.

आज पेपरला सुट्टी, पण पेपरच्या वेबसाइटवर फोटो आला. चित्र मागे आहे, पुढे वीरधवलराव आणि मी. माझं नाव बरोबर दिलं आहे.

दहाला राणीचा फोन. मामी गेल्या. जतच्या अलीकडे एसटीतच छातीत कसंतरी व्हायला लागलं. उतरवून गाडी बघेपर्यंत संपलं.

मी म्हटलं, फार वाईट झालं.

तिने विचारलं, बाई, मामी एसटीत म्हणाल्या शहाळं प्याले. कुणी दिलं त्यांना?

मी म्हटलं, उन्हात बसल्या होत्या गं.

ती म्हणाली, किडनीवाल्याला शहाळं म्हंजी इख असतंय. मोठ्या अक्षरात फाईलवर लिवलंय. केळं न्हाई, शहाळं न्हाई. आणि ते घडलं तवा जर दहा मिनिटांवर दवाखाना असता, तर मशीन लावून वाचवल्या असत्या. असं तिथले डॉक्टर म्हणाले.

मी म्हटलं, मला कुणी सांगितलं नव्हतं.

ती म्हणाली, त्यांनी सांगितलं असंल की. नगं म्हणल्या असतील.

फोन तिने ठेवला.


त्याच दिवशी, दुपारी.

शहाळ्याने माणूस मरत नाही. मी आयुष्यभर आजाऱ्यांना शहाळी दिली आहेत. प्रकृतीच नाजूक होती. एसटीचा प्रवास, रस्त्यांची स्थिती, सरकारने जतला डायलिसिसची सोय का केली नाही, हे सगळं बघायला पाहिजे. या विषयावर दुसरं भित्तिचित्र करता येईल.

सुभेदार जेवले नाहीत. आपली गादी, तांब्या आणि रेडिओ घेऊन वरच्या खोलीत गेले. मी विचारलं, हे काय. म्हणाले, कुणी विचारलं तर सांगा, भाचा आला.


२८ जानेवारी, मंगळवार.

ग्रुपवर गोंधळ. मेलेल्या बाईचा आठ फुटी चेहरा, वर हार, आणि सगळ्यांच्या दारासमोर. लहान मुलं घाबरतात. बनुबाईंच्या सुनेला दिवस गेले आहेत. तातडीची मीटिंग घेतली. ठराव झाला: चेहरा पांढरा करावा, दार ठेवावं. संदेश तोच राहतो, हे मीच मांडलं.

प्रांजलला बोलावलं. ती म्हणाली, मी नाही पुसणार. आणि मॅडम, ती वाक्यं बनुबाईंची नाहीत. त्यांच्याकडे त्या दोघी गेल्याच नव्हत्या. ती मोठी करायला तेवढं तुम्हीच सांगितलंत.

रंगाचे उरलेले डबेही नेले नाहीत तिने.


२९ जानेवारी, बुधवार.

माणूस लावून चेहरा पांढरा केला. दोन हात दिले तरी कपाळावरचं गोंदण पुसट दिसतं. तिसरा हात उद्या.

आज बुधवार. आज मी नक्की सांगणार होते.

मी हो म्हणणार होते असं मला वाटतं. खरं म्हणजे मला माहीत नाही.


३० जानेवारी, गुरुवार. सकाळी ११.

धुळा कोळेकर आला. तानुबाईचा मुलगा. पहिल्यांदाच बघितलं. एकटाच होता. मेंढरं नव्हती. डोकं भादरलेलं, सुतकातला. आत ये म्हटलं, आला नाही. म्हणाला, न्हाई बाई, सुतक हाय, तुमच्या घराला कशाला. आईची पिशवी राहिलीया, तिच्यात दवाखान्याची फाईल हाय, मृत्यूच्या दाखल्याला लागतीया.

पिशवी जिन्यात, पहिल्या पायरीवरच होती. चार दिवस कुणी हलवली नव्हती. सुभेदार तिला ओलांडून वर-खाली करत होते, त्यांनीही नाही.

कुणाचं सामान परत करताना यादी करून सही घ्यायची, ही माझी शाळेपासूनची पद्धत. त्याच्यासमोर पिशवी रिकामी केली. मधेच त्याने तोंड फिरवलं आणि भिंतीच्या बाजूला जाऊन उभा राहिला. यादी पूर्ण झाल्यावर आला, न वाचता सही केली. नवं घर धरलं की आमच्यात पहिल्या दिवशी दूध उतू घालत्यात, एवढंच म्हणाला. आमच्यातही घालतात. मी ते बोलले नाही.

श्री. धुळा कोळेकर यांना दिले:

डायलिसिसची फाईल, एक. आधार कार्ड, मूळ.
रेघा मारलेली पाण्याची बाटली, निम्मी भरलेली.
केरसुणी, नवी, कागदात गुंडाळलेली, एक.
मिठाची पुडी, न फोडलेली, एक.
हळदीकुंकवाची पुडी, एक.
जर्मनचं छोटं पातेलं, नवं, चिकटवलेली किंमत तशीच, एक.
काडेपेटी, एक.

दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी होती, ती फुगून फुटायला आली होती. ती मी टाकून दिली. यादीत धरलेली नाही.